एका फलकाची तीस वर्षे: मॉन्ट्रियल, ६ डिसेंबर १९८९

१/२१
कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात कोत-दे-नेज या भागात एक लांबट उद्यान आहे. त्याचे नाव म्हणजे एक तारीख: ६ डिसेंबर १९८९. तिथल्या फलकावर अनेक वर्षे 'एकोल पॉलिटेक्निक येथील दुःखद घटना' अशा आशयाचे शब्द होते. डिसेंबर २०१९ मध्ये तो फलक उतरवून नवा लावण्यात आला. चौदा स्त्रियांची स्त्रीवादविरोधी हल्ल्यात हत्या झाली, असे नवा फलक सांगतो. घटना तीच, दगड तेच, झाडे तीच. बदलले ते एक वाक्य, आणि ते बदलायला तीस वर्षे लागली. हा धागा त्या विलंबाचा हिशेब मागतो.

२/२१
प्रथम वस्तुस्थिती. एकोल पॉलिटेक्निक ही १८७३ साली स्थापन झालेली, फ्रेंच माध्यमाची नामांकित अभियांत्रिकी शिक्षणसंस्था. ६ डिसेंबर १९८९ रोजी, सत्र संपत आलेले असताना, सायंकाळी पाचच्या सुमारास पंचवीस वर्षांचा एक तरुण यंत्र अभियांत्रिकीच्या वर्गात शिरला. त्याच्या हाती अर्धस्वयंचलित रायफल होती. ती त्याने काही दिवसांपूर्वीच दुकानातून कायदेशीरपणे विकत घेतली होती. त्याने वर्गाचे दोन भाग करवले. एका बाजूला सुमारे पन्नास पुरुष, दुसऱ्या बाजूला नऊ स्त्रिया. पुरुषांना त्याने बाहेर जायला सांगितले.

३/२१
उरलेल्या नऊ जणींना तो म्हणाला की त्या स्त्रीवादी आहेत आणि त्याला स्त्रीवाद्यांचा तिरस्कार आहे. मग त्याने गोळ्या झाडल्या. सहा जणी तिथेच मरण पावल्या. तिथून तो मार्गिका, उपाहारगृह आणि आणखी एका वर्गात गेला. सुमारे वीस मिनिटांनंतर त्याने स्वतःवर गोळी झाडली, तोवर मृत स्त्रियांची संख्या चौदा झाली होती. त्याखेरीज डझनाहून अधिक जखमी होते. मृतांमध्ये एकही पुरुष नव्हता. हे योगायोगाने घडले नव्हते. वर्गाचे दोन भाग करतानाच ते ठरले होते.

४/२१
त्या चौदा जणी कोण होत्या? बारा अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनी, एक परिचर्येची विद्यार्थिनी आणि एक संस्थेची कर्मचारी. सर्वांत धाकटी वीस वर्षांची, सर्वांत मोठी एकतीस वर्षांची. ११ डिसेंबर रोजी नोत्र-दाम बॅसिलिकामध्ये त्यांपैकी नऊ जणींचा अंत्यविधी एकत्र झाला. शहराने आणि क्युबेक प्रांताने तीन दिवसांचा दुखवटा पाळला. शोकात कसर राहिली नाही, हे मान्य केलेच पाहिजे. कसर राहिली ती त्या शोकाला कारणाचे नाव देण्यात.

५/२१
कारण मारेकऱ्याने स्वतः मोठ्याने सांगितले होते आणि वर्गातून वाचलेल्यांनी ते ऐकले होते. तरीही पुढच्या काही दिवसांत वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून जे स्पष्टीकरण सर्वाधिक वेळा आले ते एकच: तो वेडा होता. मराठी बातमीदारीतही अशा माणसासाठी एक तयार शब्द आहे, 'माथेफिरू'. हा शब्द फार सोयीचा असतो. माथे फिरले की कारण शोधावे लागत नाही. वादळाला कोणी हेतू विचारत नाही, तसे माथेफिरूलाही विचारत नाही. गुन्हा मग निसर्गाच्या कोपासारखा वाटू लागतो, आणि समाज स्वतःच्या घराची झडती घेण्यातून सुटतो.

६/२१
'शोकांतिका' हा शब्दही तपासून पाहण्याजोगा आहे. नाट्यशास्त्रात शोकांतिका म्हणजे दैवाने किंवा स्वभावातील दोषाने घडवून आणलेला अटळ नाश. 'दुर्घटना' म्हणजे घाटात बस कोसळणे. दोन्ही शब्दांत कर्ता नाही. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर 'चौदा स्त्रिया मरण पावल्या' आणि 'चौदा स्त्रियांना मारण्यात आले' या दोन वाक्यांत अंतर आहे. 'स्त्रिया आहेत म्हणून मारण्यात आले' हे तिसरे वाक्य त्याहून वेगळे आहे. मॉन्ट्रियलने पहिल्या वाक्यापासून तिसऱ्यापर्यंतचा प्रवास केला. तो कोणी आपणहून घडवून आणला नाही. तो मागून, भांडून मिळवावा लागला.

७/२१
इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे साधनांचा प्रश्न दिसतो. मारेकऱ्याच्या खिशात तीन पानांचे पत्र सापडले. त्यात त्याने आपले कृत्य राजकीय असल्याचे लिहिले होते. प्रसारमाध्यमे आपल्याला वेडा खुनी ठरवतील, हेही त्याने आधीच लिहून ठेवले होते. सोबत एकोणीस स्त्रियांची यादी होती; वेळ मिळता तर त्यांनाही तो मारणार होता. यादीत पत्रकार होत्या, राजकारणी होत्या, पोलीस अधिकारी होत्या, क्युबेकच्या अग्निशमन दलातील पहिली स्त्री होती. त्या सर्वांना जोडणारा धागा एकच दिसतो: पूर्वी केवळ पुरुषांच्या मानल्या गेलेल्या जागी त्या उभ्या होत्या.

८/२१
हे पत्र पोलिसांनी प्रसिद्ध केले नाही. सुमारे एक वर्षाने ते फ्रान्सीन पेल्तिये या पत्रकार स्त्रीच्या हाती आले आणि नोव्हेंबर १९९० मध्ये 'ला प्रेस' या दैनिकात छापले गेले. पेल्तिये यांचे स्वतःचे नाव त्या यादीत होते. म्हणजे जिला मारायचे ठरले होते तिलाच आपल्या संभाव्य हत्येचा पुरावा लोकांसमोर आणावा लागला. या हत्याकांडाची सार्वजनिक चौकशी शासनाने कधीच केली नाही. पहिल्या वर्षाची सारी चर्चा मुख्य साधन बंद कपाटात ठेवून झाली, आणि त्याच वर्षात 'वेडा' हे स्पष्टीकरण घट्ट बसले.

९/२१
पत्र दडवण्यामागचा युक्तिवाद असा होता की ते छापले तर इतरांना चिथावणी मिळेल. हा आक्षेप पोकळ नाही. मारेकऱ्याला व्यासपीठ देणे घातक असते, हे पुढच्या दशकांनी सिद्धही केले. पण हेतू सांगणे आणि जाहीरनामा मिरवणे यांत फरक करता येतो. पत्राचा शब्दन् शब्द न छापताही 'हल्ला स्त्रीवादाच्या द्वेषातून झाला' एवढे पहिल्याच आठवड्यात अधिकृतपणे सांगता आले असते. ते सांगितले गेले नाही. मारेकऱ्याला प्रसिद्धी न देण्याच्या नावाखाली मृत स्त्रियांच्या मृत्यूचे कारणच अप्रसिद्ध राहिले.

१०/२१
हा द्वेष आकाशातून पडला नव्हता. कॅनडात मॅनिटोबा प्रांताने स्त्रियांना १९१६ साली मतदानाचा हक्क दिला. क्युबेकमध्ये प्रांतिक निवडणुकीत मत देण्यासाठी त्यांना १९४० पर्यंत थांबावे लागले. विवाहित स्त्रीला कायद्याने स्वतंत्र व्यवहार करण्याची मोकळीक मिळाली ती १९६४ साली, क्युबेक विधिमंडळात निवडून गेलेल्या पहिल्या स्त्रीने, क्लेअर कर्कलंड-कास्ग्रेन यांनी, मांडलेल्या विधेयकामुळे. त्यानंतर अवघ्या पंचवीस वर्षांत मुली अभियांत्रिकीच्या वर्गात बसू लागल्या. एवढ्या वेगाने घडलेल्या बदलाविरुद्ध साचलेला राग समाजात नव्हता, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

११/२१
१९८९ हेच वर्ष पाहावे. त्या उन्हाळ्यात क्युबेकमधील एका तरुणीच्या माजी साथीदाराने तिचा गर्भपात रोखण्यासाठी न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळवला. प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्टमध्ये तो हुकूम रद्द झाला. स्त्रीच्या देहावर अधिकार कोणाचा, यावर सारा देश चार महिन्यांपूर्वी कडाडून भांडला होता. त्याच देशाला डिसेंबरमध्ये मात्र स्त्रीवादाच्या नावाने झालेल्या गोळीबारात राजकारण दिसेना. एखादी गोष्ट न दिसणे आणि न पाहणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

१२/२१
ज्यांनी कारणाचे नाव घेतले त्यांना काय ऐकावे लागले? मृतांचे भांडवल करू नका. शोकाच्या वेळी राजकारण नको. साऱ्या पुरुषजातीवर आरोप करू नका. या तिन्ही वाक्यांचे काम एकच होते: ज्यांच्यावर हल्ला झाला होता त्यांनीच गप्प बसावे. मेणबत्ती घेऊन उभे राहिलात तर चालेल, पण तोंड उघडू नका. वास्तविक राजकारण त्या वर्गात रायफल घेऊन आधीच शिरले होते. त्याचा उल्लेख करणाऱ्या स्त्रियांनी ते बाहेरून आणले नव्हते.

१३/२१
त्या वर्गातील एका तरुणीने मारेकऱ्याला उत्तर देण्याचा प्रयत्न केला होता. तिचे नाव नाताली प्रोव्हो. आपण केवळ अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुली आहोत, स्त्रीवादी असायलाच हवे असे नाही, अशा आशयाचे ती बोलली. तिला चार गोळ्या लागल्या, ती वाचली. काही दिवसांतच रुग्णालयातून तिने मुलींना आवाहन केले की अभियांत्रिकीकडे पाठ फिरवू नका. पुढे अनेक वर्षांनी तिने जाहीरपणे सांगितले की आपण स्त्रीवादीच होतो. शस्त्र नियंत्रणाच्या चळवळीत ती अग्रभागी राहिली आणि २०२५ साली कॅनडाच्या संसदेवर निवडून गेली. 'शोकांतिका' या शब्दात या आयुष्याला जागाच नाही, कारण शोकांतिका मृत्यूपाशी संपते.

१४/२१
आता आक्षेपांचा विचार. पहिला: मारेकऱ्याचे बालपण हिंसक घरात गेले, त्याचे मन आजारी होते, मग विचारसरणीला दोष कशाला? मन आजारी असेलही. पण आजार माणसाला कोणाला मारायचे याची यादी देत नाही. पॉलिटेक्निकमध्ये आपल्याला प्रवेश न मिळण्याचे खापर त्याने स्त्रियांवर फोडले. अपयशाचे खापर कोणावर फोडायचे, हे माणूस भोवतालच्या हवेतून शिकतो. शिवाय जगातील असंख्य मनोरुग्ण कोणालाही इजा करत नाहीत. 'वेडा होता' म्हणणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

१५/२१
दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो: वर्गातून बाहेर पडलेल्या पुरुषांनी प्रतिकार का केला नाही? काही स्तंभलेखकांनी हा प्रश्न फार चवीने चघळला. रायफलीच्या टोकावर बाहेर काढलेल्या विद्यार्थ्यांना भेकड ठरवणे म्हणजे दोष भलत्याच्या गळ्यात घालणे होय. ते तरुणही त्या सायंकाळचे ओझे आयुष्यभर वाहत राहिले. प्रश्न विचारायचाच असेल तर यंत्रणेला विचारावा. पोलीस इमारतीभोवती कडे करून बाहेर थांबले असताना आत गोळ्या झाडल्या जात होत्या, यावर मृत्युसमीक्षकांच्या अहवालात टीका झाली. तो धडा वाया गेला नाही. २००६ साली मॉन्ट्रियलच्याच डॉसन महाविद्यालयात गोळीबार झाला तेव्हा पोलीस न थांबता आत शिरले.

१६/२१
तिसरा मुद्दा शस्त्रांचा. पॉलिटेक्निकच्याच विद्यार्थ्यांनी शस्त्र नियंत्रणासाठी सह्यांची मोहीम उभी केली. पाच लाखांहून अधिक सह्या जमल्या. त्या सायंकाळी इमारतीत असलेली हायडी रॅथजेन ही विद्यार्थिनी पुढे या चळवळीची प्रमुख कार्यकर्ती झाली. १९९१ आणि १९९५ साली कायदे झाले. दुसऱ्या कायद्याने प्रत्येक बंदूकधारकाला परवाना आणि प्रत्येक लांब नळीच्या बंदुकीची नोंद बंधनकारक केली. संसदेच्या दारात मृतांचे आईवडील आणि वाचलेल्या विद्यार्थिनी वर्षानुवर्षे उभ्या राहिल्या, तेव्हा हे घडले. स्मृतीने आपोआप कायदा होत नाही. कोणीतरी तिला फाईलपर्यंत नेऊन पोहोचवावे लागते.

१७/२१
त्या नोंदवहीचे पुढे काय झाले? तिचा खर्च सुरुवातीच्या अंदाजापेक्षा कितीतरी पट वाढून एक अब्ज डॉलरच्या पलीकडे जाईल, असा इशारा २००२ साली महालेखापरीक्षकांनी दिला. ही टीका रास्त होती आणि समर्थकांनी ती झटकून टाकायला नको होती. परंतु २०१२ साली केंद्रातील हुजूरपक्षीय सरकारने केवळ नोंदणी थांबवली नाही, जमलेल्या नोंदीही नष्ट करण्याचे ठरवले. क्युबेकने आपल्या नोंदी मागितल्या. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी नकार दिला. क्युबेकचे तिन्ही न्यायाधीश अल्पमतात होते. अखेर क्युबेकने स्वतःची नोंदवही नव्याने सुरू केली.

१८/२१
आणि ती विशिष्ट रायफल? त्या प्रकारच्या रायफलीवर कॅनडात बंदी आली ती मे २०२० मध्ये, नोव्हा स्कोशिया प्रांतात एका बंदूकधाऱ्याने बावीस जणांचा बळी घेतल्यानंतर. म्हणजे १९८९ नंतर तीस वर्षांहून अधिक काळ ते शस्त्र कायदेशीरपणे विकत घेता येत होते. फलकावरील शब्द आणि शस्त्रावरील बंदी या दोन्ही गोष्टी काही महिन्यांच्या अंतराने आल्या. एकामुळे दुसरी आली, असा दावा इथे नाही. मात्र दोन्हींना झालेला उशीर एकाच समाजाचा आहे, आणि त्याची सवयही एकच: दुःख तत्काळ मान्य करायचे, कारण सावकाश.

१९/२१
शब्दासाठीचा झगडा फलकापुरता नव्हता. १९९१ साली कॅनडाच्या संसदेने ६ डिसेंबर हा स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्ध स्मृती आणि कृतीचा राष्ट्रीय दिवस ठरवला. त्याच वर्षी टोरंटोतील काही पुरुषांनी पांढऱ्या फितीची मोहीम सुरू केली. स्त्रियांवरील हिंसेबद्दल पुरुषांनी गप्प राहू नये, हा तिचा आशय. १९९७ साली व्हँकुव्हरमध्ये गुलाबी ग्रॅनाइटच्या चौदा बाकांचे स्मारक उभे राहिले. 'पुरुषांनी मारलेल्या सर्व स्त्रियांसाठी' अशा आशयाचा कोरीव मजकूर तिथे आहे, आणि त्यावरून मोठे वादळ उठले. चौदा खुनांपेक्षा एका विभक्तिप्रत्ययाने अनेकांना अधिक अस्वस्थ केले.

२०/२१
शब्द नसल्याची किंमत पुढच्या पिढीने मोजली. २०१८ साली टोरंटोत एका तरुणाने पदपथावरील लोकांवर व्हॅन घातली. हल्ल्यापूर्वी त्याने स्त्रीद्वेषाच्या ऑनलाइन पंथाशी नाते सांगणारा संदेश टाकला होता. २०२० साली त्याच शहरात एका स्त्रीच्या हत्येमागे तोच पंथ होता. २०२३ साली न्यायालयाने त्या कृत्याला दहशतवाद म्हटले. हाच निकष १९८९ साली लावला असता तर सुरक्षा यंत्रणांना, अभ्यासकांना आणि शिक्षकांना तीन दशके आधी या द्वेषाकडे पाहण्याची दृष्टी मिळाली असती. स्त्रीद्वेषाला स्वभावदोष समजणारा समाज त्याच्या संघटनेकडे लक्ष देत नाही.

२१/२१
गुन्हेकथांच्या बाजारात मारेकऱ्याचे नाव, बालपण, छायाचित्र सारे सहज सापडते. या धाग्यात ते नाव नाही. देनी व्हिलनव्ह यांच्या २००९ सालच्या चित्रपटातही त्याला नाव नाही. नावे वाचायची असतील तर त्या उद्यानात जावे. तिथे चौदा नावे एका दृष्टिक्षेपात वाचता येत नाहीत. चालत जाऊन, अक्षरे जुळवत ती लावावी लागतात. आणि दर ६ डिसेंबरला सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी, हल्ल्याच्या वेळी, माँ-रॉयालच्या टेकडीवरून प्रकाशाचे झोत आकाशात सोडले जातात. ते एक एक करून मोजावेत. चौदा. आणि मग खाली येऊन फलकही वाचावा.
(धागा समाप्त)